संध्याकाळ राखून मिळवलेली नोकरी

२०२४ च्या जून महिन्यात मी जाहिरात क्षेत्रातल्या कनिष्ठ कॉपीरायटरच्या, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याच्या, नोकरीसाठी पहिला अर्ज पाठवला, तेव्हा माझे वय ३४ होते. डोंबिवलीतल्या एका छापखान्यात डीटीपी आणि मुद्रितशोधन केल्याचा नऊ वर्षांचा अनुभव गाठीशी होता, पदरी सात वर्षांची मुलगी होती, घटस्फोट होऊन दीड वर्ष झाले होते आणि मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड करणारी अवस्था, असल्याचे निदान होऊन जेमतेम चार महिने उलटले होते. मार्च २०२५ मध्ये दादरच्या एका छोट्या एजन्सीचे नेमणूकपत्र माझ्या हाती आले. मधल्या नऊ महिन्यांत मी २३ ठिकाणी अर्ज केले, सहा ठिकाणी मुलाखतीला गेले, एका ठिकाणी तीन दिवस बिनपगारी काम केले आणि एका ठिकाणची कॉपी टेस्ट, म्हणजे लेखनाची चाचणी, अर्धवट राहिली. या काळात मला हळूहळू एक गोष्ट कळत गेली. या व्यवसायात नवख्या माणसाकडून भाषा, कल्पना आणि मेहनत मागितली जातेच, पण त्याआधी त्याची संध्याकाळ मागितली जाते. आणि माझ्याजवळ द्यायला नेमकी तीच नव्हती.

निदानाची हकिकत आधी सांगते, कारण नोकरीचा शोध तिच्यापासून वेगळा काढता येत नाही. छापखान्यात मी चुका पकडण्यात तरबेज मानली जात असे. दोनशे पानांच्या पुस्तकात एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला असला तरी माझ्या नजरेतून सुटत नसे. पण त्याच दिवशी मालकांनी तोंडी सांगितलेली तीन कामे घरी पोहोचेपर्यंत डोक्यातून पार पुसली जात. संसार दोघांचा होता तोवर ही पडझड झाकली जात होती. एकटी झाल्यावर वीजबिल, शाळेची फी, लसीकरणाची तारीख, सगळे एकाच डोक्यावर आले आणि ते डोके पुरेना. मुलीची शाळेची सहल केवळ मी पैसे भरायला विसरल्यामुळे हुकली, त्या दिवशी मी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

त्यांनी तीन बैठकांत बहुतेक प्रश्न माझ्या लहानपणाबद्दलच विचारले. या निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून असल्याचे दिसावे लागते आणि ती घर, शाळा, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात, असे त्यांनी समजावून सांगितले. आईने चिपळूणहून माझी जुनी प्रगतिपुस्तके पाठवली. पहिली ते पाचवीपर्यंत वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात जवळजवळ एकच शेरा होता: ‘मुलगी हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते.’ पाचही पुस्तके टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा मला रडू आले. तेवीस-चोवीस वर्षे जिला मी आळस म्हणत आले होते, ती गोष्ट कुणीतरी पहिलीपासूनच नोंदवून ठेवली होती.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केले. हे औषध भारतात अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येते. त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट स्वतःजवळ ठेवतो आणि त्यासाठीचा वेगळा परवाना नसलेल्या दुकानात ते मिळतच नाही. डोंबिवलीत मी सात दुकाने फिरले आणि शेवटी परळपर्यंत गेले. औषधाचा उपयोग झाला. सकाळी सातला घेतलेल्या दीर्घ परिणामाच्या गोळीने माझा दिवस पहिल्यांदाच सलग झाला. पण ती माझ्या बाबतीत दुपारी चारच्या सुमारास ओसरू लागते. चार-साडेचारनंतर डोक्यातली गर्दी परत येते, आवाज टोचू लागतात आणि समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हरवते. पुढचा सगळा प्रश्न यातूनच उभा राहिला, कारण जाहिरातीच्या कचेऱ्यांना खरा वेग येतो तो चारनंतर.

कायद्याचा आधार मिळेल का, हेही मी पाहिले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदले गेले. स्वमग्नता त्यात आहे, वाचन-लेखनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत, एडीएचडी नाही. म्हणजे प्रमाणपत्राची वाटच बंद होती. जे काही मागायचे ते समोरच्याच्या समजुतीवर आणि स्वतःच्या शब्दांवर मागायचे. हे कळले त्या रात्री मी खूप अस्वस्थ होते, आणि आजही मला ही त्रुटी अन्यायाची वाटते.

कॉपीरायटरच का, असे मला अनेकांनी विचारले. छापखान्यात पुस्तकांबरोबर पत्रके, दुकानांचे फलक आणि लग्नपत्रिकाही येत. चार ओळींत काम करणारा मजकूर मला मोठ्या पुस्तकापेक्षा अधिक ओढून घेई, कारण तो एका बैठकीत पूर्ण होतो आणि माझे लक्ष एका बैठकीपुरते फार खोल जाते. शिवाय छापखान्यातला पगार १९,००० होता आणि तो वाढण्याची शक्यता नव्हती. अहमदाबादच्या मायकासारख्या संस्थेत किंवा मुंबईत झेवियर्सच्या जनसंज्ञापन संस्थेत जाहिरातीचे शिक्षण घेऊन आलेली मुले या नोकऱ्यांना उभी राहतात, हे मला माहीत होते. माझ्याकडे शुल्कही नव्हते आणि वेळही नव्हता. पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या नमुन्यांची फाइल, तरी घरी तयार करता येण्यासारखा होता.

मी मोठ्या ब्रँडच्या काल्पनिक जाहिराती करायच्या नाहीत असे ठरवले आणि आजूबाजूला पाहिले. आमच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र आहे, चष्म्यांचे दुकान आहे, पिठाची गिरणी आहे. त्यांच्यासाठी मी सहा कामे केली. पोळीभाजी केंद्रासाठी लिहिले: ‘आज आई उशिरा येणार आहे. पोळ्या वेळेवर येतील.’ केंद्राच्या ताईंनी ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून खरोखरच दाराला लावली आणि आजही ती तिथे आहे. पुढे प्रत्येक मुलाखतीत सगळ्यात आधी बोलणे झाले ते याच ओळीवर.

पहिले बोलावणे आले ते लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या एजन्सीकडून. मुलाखत ११ वाजता होती आणि ती एक वाजता सुरू झाली. माझ्या औषधाचे ते दोन उत्तम तास मी स्वागतकक्षात बसून काढले. शेवटचा प्रश्न होता, ‘लेट बसायची तयारी आहे ना?’ मी ‘हो’ म्हणाले. ते खरे नव्हते. एका आठवड्याच्या चाचणीवर मला ठेवण्यात आले, पगार नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्यापुढे काहीच काम नव्हते. संध्याकाळी पावणेसातला ब्रीफ, म्हणजे काय लिहायचे याची सूचना, आले आणि साडेसातला सगळ्यांनी बसायचे ठरले. डोंबिवलीचे आमचे पाळणाघर आठला बंद होते. मी तिथल्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अगं, आजचा दिवस ठेवते मी तिला, पण उद्याही असंच झालं तर मला जमायचं नाही, माझ्याही घरी माणसं आहेत.’ त्यांचे काहीच चुकत नव्हते. मी त्या बैठकीत बसले, आणि तिथे काय बोलणे झाले त्यातले मला निम्मेही आठवत नाही. चार माणसे एकाच वेळी बोलत होती, कुणी लिहून घेत नव्हते, आणि गोळीचा असर जाऊन तीन तास झाले होते. दुसऱ्या दिवशी मी सांगितलेल्यापेक्षा वेगळेच लिहून आणले. मला परत न येण्याबद्दल अतिशय सौम्य शब्दांत सांगितले गेले.

त्या आवारातून बाहेर पडताना मला आजोबांची आठवण झाली. तिथून पाच मिनिटांवरच्या गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हापर्यंत त्यांनी तिथे काम केले. त्यांचे आयुष्य कष्टाचे होते आणि त्या दिवसांना मी सोन्याचे म्हणणार नाही. पण भोंगा झाला की पाळी सुटायची, आणि पाळी सुटली की माणूस घरी जायचा. आजी भोंगा ऐकून भाताचे आधण ठेवायची, असे आई सांगते. त्याच जागेवर आता भोंगा नाही. आजोबांच्या काळच्या माणसांनी आपल्या वेळेची हद्द मागण्यासाठी किती सोसले, हे आठवून त्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा आले की, हद्द मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तरीही पुढची चूक मी उलट्या दिशेने केली. ऑगस्टमधल्या एका मुलाखतीत मी बसताक्षणीच सगळे सांगून टाकले: एडीएचडी, घटस्फोट, मुलगी, पाळणाघर. त्यापूर्वीच्या एका ठिकाणी ‘मिस्टर काय करतात?’ या प्रश्नावर मी अडखळले होते, म्हणून या वेळी प्रश्न येण्याआधीच उत्तर द्यावे असा माझा विचार होता. समोरच्या मनुष्यबळ विभागाच्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी मला पाणी दिले, माझ्या धैर्याचे कौतुक केले, आणि माझी फाइल उघडलीच नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला आजही वाटते. पण माझे काम पाहण्याआधी माझी अडचण पाहिली गेली, आणि एकदा अडचण दिसली की पुढची वीस मिनिटे तीच दिसत राहते. त्या कचेरीकडून नंतर काहीच उत्तर आले नाही.

कॉपी टेस्ट हा प्रकार ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. अनेक एजन्सी कॉपीरायटरला प्रत्यक्ष भेटण्याआधी एक प्रश्नपत्रिका पाठवतात. तिच्यात परिचयाच्या वस्तूची नवी ओळख करून द्या, एखाद्या चमत्कारिक वस्तूसाठी रेडिओची जाहिरात लिहा, अमुक माणसाच्या तोंडी पत्र लिहा, असे प्रश्न असतात आणि उत्तर कसे असावे याचे नियम नसतात. एका एजन्सीने सप्टेंबरमध्ये अशी आठ प्रश्नांची टेस्ट शुक्रवारी संध्याकाळी पाठवली आणि सोमवारी सकाळी १० पर्यंत मागितली. एक प्रश्न असा होता की, किराणा दुकानदारासाठी उधारी बंद असल्याची पाटी लिहा, पण गिऱ्हाईक दुखावता कामा नये. मी त्यात शिरले आणि बाहेर पडू शकले नाही. शनिवारची रात्र संपली तेव्हा वहीत एकूण ४१ पाट्या होत्या. त्यातली जी शेवटी ठेवली ती अशी: ‘उधारी दिली की माणूस यायचा थांबतो. तुम्ही रोज या.’ ही ओळ मला अजूनही आवडते. पण रविवारी मुलीला ताप आला, माझी झोप झाली नव्हती, आणि सोमवारी सकाळी आठपैकी तीनच प्रश्नांची उत्तरे गेली. ज्यांना आठ हवी होती त्यांनी तीन पाहून निर्णय घेतला, यात मी त्यांना दोष देत नाही. मात्र शनिवार-रविवार ही ज्यांच्या घरी दुसरे मोठे माणूस आहे त्यांची मोकळी वेळ असते. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांच्यासाठी तेच आठवड्यातले सर्वांत भरलेले दोन दिवस असतात. टेस्ट पाठवणाऱ्यांनी हे एकदा तरी लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

दिवाळीनंतर मी महिनाभर एकही अर्ज केला नाही. छापखान्यातले आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी एका दुपारी मला समोर बसवून विचारले, ‘तू त्यांना जाऊन सांगतेस की मी कॉपीरायटर होऊ शकते. तसं सांगणारी शंभर मुलं आहेत. जे तुला आत्ताच येतं आणि त्यांना येत नाही, ते का नाही सांगत?’ आणि त्यांनी माझ्यापुढे त्या दिवशीचे वर्तमानपत्र टाकले. त्यात अर्ध्या पानाची एक जाहिरात होती. मूळ हिंदीतून आणलेली ती ओळ मराठी अक्षरांत होती, पण मराठीत नव्हती.

मुंबईतल्या मोठ्या मोहिमा बहुतेक वेळा हिंदीत किंवा इंग्रजीत जन्मतात आणि मग मराठी, गुजराती, तमीळ, बंगाली अशा भाषांत उतरवल्या जातात. एजन्सीच्या बोलीत या कामाला अ‍ॅडॅप्ट करणे म्हणतात आणि बहुधा ते अगदी शेवटच्या तासाला, बाहेरच्या अनुवादकाकडून, संदर्भ न देता करून घेतले जाते. समजा, हिंदीत ‘दाग की छुट्टी’ असे असेल, तर ते ‘डागाची सुट्टी’ होऊन येते, आणि मराठी वाचकाला डाग रजेवर गेल्यासारखा वाटतो. त्याखेरीज अक्षरांचा प्रश्न वेगळाच. कुणी युनिकोडमध्ये लिहितो, स्टुडिओत श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मांडणी होते, आणि या स्थलांतरात रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरे फुटतात, ‘दुसऱ्या’ मधला र नाहीसा होतो. ज्या कलाकाराला मराठी वाचता येत नाही त्याला हे दिसत नाही, आणि ज्याला दिसेल तो त्या टेबलापाशी नसतो.

नऊ वर्षे मी हेच पाहत आले होते. पुढच्या पाच आठवड्यांत मी लोकलच्या डब्यातल्या, फलाटांवरच्या, वर्तमानपत्रांतल्या आणि होर्डिंगवरच्या मराठी जाहिरातींचे फोटो काढत गेले. त्यांतल्या ३० जाहिराती निवडून प्रत्येकीखाली तीन गोष्टी लिहिल्या: चूक काय आहे, ती कशामुळे झाली असावी, आणि मी ती ओळ कशी लिहिली असती. कंपन्यांची नावे मी झाकली. हे सगळे काम सकाळी सहा ते साडेसात या वेळेत झाले, गोळी घेण्याआधी एक तास आणि घेतल्यानंतर अर्धा तास, मुलगी झोपलेली असताना. रोज एकच जाहिरात घ्यायची आणि गजर वाजला की वही मिटायची, हा नियम मी स्वतःला घालून दिला होता. ४१ पाट्यांची ती रात्र मी विसरले नव्हते.

जानेवारीत मी अर्जाचा मजकूरही बदलला. पूर्वी मी मनुष्यबळ विभागाला लिहीत असे. आता ज्या एजन्सी भाषांतरित कामे जास्त करतात त्या शोधल्या आणि त्यांच्या क्रिएटिव्ह किंवा स्टुडिओ प्रमुखांना सरळ लिहिले. मेल पाच ओळींचा होता, त्याला तीस जाहिरातींची फाइल जोडलेली होती आणि शेवटची ओळ अशी होती: ‘मी सकाळी साडेआठ ते दुपारी पावणेपाच या वेळेत कचेरीत पूर्ण काम करीन; त्यानंतर मी उपलब्ध नसेन.’ कारण दिले नाही. ही ओळ लिहिताना हात थरथरत होता. नऊ जणांना असे मेल गेले. चौघांनी उत्तर दिले, त्यांपैकी दोघांनी वेळेच्या ओळीमुळे जमणार नाही असे स्पष्ट कळवले. त्या दोन नकारांबद्दल मला कृतज्ञता वाटली, कारण त्यांनी माझा एक आठवडा आणि पाळणाघरवाल्या काकूंचा संयम वाचवला.

साडेआठची वेळ मी ठरवली खरी, पण ती जमवणे सोपे नव्हते. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला आणि आमच्या शाळेने तो पाळला. मुलांच्या झोपेसाठी तो योग्यच आहे. पण पूर्वी मुलीला सातला शाळेत सोडून गाडी पकडता आली असती, ते आता होणार नव्हते. मी काकूंशी बसून बोलले. सकाळी पावणेसातला मुलगी त्यांच्याकडे जाईल, त्या तिला रिक्षावाल्या काकांबरोबर शाळेत पाठवतील, शाळा सुटल्यावर ती परत त्यांच्याकडे येईल आणि साडेसहापर्यंत मी तिला घेईन, असे ठरले. महिन्याचे ४,५०० चे ६,००० झाले. हा हिशेब मुलाखतीला जाण्याआधी करून ठेवला होता, म्हणून ‘जमेल का?’ या प्रश्नाला मी विचार न करता उत्तर देऊ शकले.

दादरच्या एजन्सीत १४ माणसे आहेत. तिथल्या क्रिएटिव्ह प्रमुखांनी माझी फाइल छापून, त्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवली होती. तीन ठिकाणी त्यांना माझे पटले नव्हते आणि आम्ही त्या तीन ठिकाणांवर पाऊण तास बोललो. मग त्या म्हणाल्या, ‘दोन दिवस येऊन बघा, त्याचे ३,००० देऊ.’ चाचणीचे पैसे कुणीतरी देते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळले.

त्या दोन दिवसांत माझ्यापुढे एका मसाल्याच्या जाहिरातीची छपाईला जाणारी प्रत आली. ओळ होती, ‘मोठमोठ्या आचार्यांची पसंती.’ हेतू होता स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचा. फॉन्ट बदलताना ‘ऱ्या’ चा ‘र्या’ झाला होता आणि मसाला विद्वानांच्या पसंतीचा ठरला होता. शुद्धलेखन तपासणीत हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. मी खूण केली आणि खाली एक पर्यायी ओळही लिहिली. ती ओळ घेतली गेली नाही, चूक मात्र दुरुस्त झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पगाराचे बोलणे निघाले. काम पाहून झाले होते आणि पत्र अजून लिहिले गेले नव्हते. तेव्हाच मी बाकीचे सांगितले. निदानाचे नाव मी शेवटी घेतले, आधी गरज सांगितली: ‘मला तोंडी ब्रीफ मिळालं की अर्धं निसटतं. दोन ओळी लिहून मिळाल्या तर काम चुकत नाही. एका वेळी एकाच कामाची अंतिम वेळ कळावी. बसायची जागा दारापासून लांब असावी. मला एडीएचडी आहे, औषध चालू आहे, आणि ते दुपारपर्यंत उत्तम चालतं.’ त्यांनी विचारले, ‘आणि पावणेपाच?’ मी सांगितले की घरी मुलगी आहे आणि मी एकटी आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘ब्रीफ लिहून द्यायची सवय इथे सगळ्यांनाच लागली तर बरं होईल. पण क्लायंटचे बदल संध्याकाळी सहाला येतात, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सुचवा.’

हा प्रश्न रास्त होता आणि मी त्यावर रात्रभर विचार केला. मी असे सुचवले की सहाला आलेले बदल मेलवर पडून राहू द्यावेत, मी ते सकाळी साडेआठला उघडीन आणि दहाच्या आत, म्हणजे क्लायंटची कचेरी नीट सुरू होण्याआधी, पूर्ण करून ठेवीन. जिथे त्याच रात्री छपाईला जायचे असेल, तिथे मला सकाळीच सांगावे म्हणजे मी संभाव्य बदलांच्या दोन-तीन आवृत्त्या आधी लिहून ठेवीन. नेमणूकपत्रात कामाची वेळ लिहून मिळावी, हा माझा एकच आग्रह होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे स्त्रीला रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, एवढे मी वाचले होते. पण माझी अडचण रात्री साडेनऊची नव्हती, संध्याकाळी पाचची होती, आणि तिच्यासाठी माझ्याजवळ त्या पत्राशिवाय दुसरा कागद नव्हता. वेळ पत्रात आली. पगार २७,००० ठरला. मी ३०,००० मागितले होते.

आता सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ पूर्ण झाला आहे. लिखित ब्रीफची पद्धत बऱ्यापैकी रुजली आहे, जागा खिडकीजवळची मिळाली आहे. संध्याकाळचे बदल सकाळी करण्याची व्यवस्था दहांपैकी आठ वेळा चालते. उरलेल्या दोन वेळा शेजारच्या टेबलावरचा एक तरुण सहकारी माझे काम उचलतो, आणि त्याबदल्यात मी त्याची सकाळची मुद्रिते वाचते. हा व्यवहार आम्ही दोघांनी बोलून ठरवला आहे. तरी त्याच्या संध्याकाळीही कुणाच्या तरी उपयोगाच्या असतात, हे मला सतत जाणवते.

एप्रिलमध्ये बढतीचा विचार होईल. आमच्याकडे कनिष्ठ पदावरून वर जायचे तर मोठ्या पिचवर, म्हणजे नवे काम मिळवण्यासाठी क्लायंटपुढे करायच्या सादरीकरणावर, काम केलेले असावे लागते आणि पिचची तयारी आजवर नेहमी संध्याकाळी सहानंतर झाली आहे. गेल्या दोन पिचमध्ये मी नव्हते. त्याबद्दल मी दीड पानाचे टिपण तयार केले आहे. पिचच्या मराठी भागाचे पहिले वाचन सकाळी नऊला ठेवावे, मराठी ओळी शेवटी उतरवण्याऐवजी सुरुवातीपासून समांतर लिहाव्यात आणि त्यासाठी मला पहिल्या दिवशीच मूळ ब्रीफ मिळावे, असे त्यात मांडले आहे. सरांनी काल ते वाचून दोन विरामचिन्हे दुरुस्त केली. सोमवारी साडेआठला, इतर कुणी यायच्या आत, मी ते प्रमुखांच्या टेबलावर ठेवणार आहे.